जुना चौक मोकळा करताय? आधी तिथे दिवसभर काय चालतं ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका जिल्ह्याच्या गावात जुन्या वाड्याच्या दरवाज्यासमोर मोठा चौक आहे. आज तिथे रिक्षा स्टँड, टू-व्हीलर पार्किंग, भाजीवाल्या, दोन टपऱ्या असं सगळं एकात एक आहे, आणि नगरपालिका तो चौक गाड्यांना बंद करून 'हेरिटेज प्लाझा' करणारे. प्रेझेंटेशनमध्ये ग्रॅनाइट, म्युझिकल कारंजं, एलईडी आणि एक नवीकोरी दगडी कमान. हरकती-सूचना मागवल्यात, तर पाठिंबा द्यायचा की विरोध करायचा?

पाठिंबा द्या, पण डोळे मिटून नको. मी अर्बन डिझायनर आहे, माझं बरंचसं काम गावठाणात आणि जुन्या बाजारपेठांतच झालंय, आणि मला विचाराल तर चौक जमला की फसला याच्याशी फरशीचा फार कमी संबंध असतो. तिथे आज कोण येतं, कुठून कुठे जातं, कुठे टेकतं आणि काम झाल्यावर त्या माणसांचं काय होणार, सगळं त्यावर ठरतं. प्रेझेंटेशनमध्ये नेमकं हेच नसतं. त्यात गुलाबी आभाळ असतं, फुगे घेतलेली पोरं असतात आणि एकही हातगाडी नसते.

आपल्या आसपासचं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण म्हणजे अहमदाबादच्या भद्र किल्ल्यासमोरचा चौक. अहमदशहाने १४११ मध्ये शहर वसवलं, किल्ला बांधला आणि त्याच्या पूर्वेच्या दरवाज्यासमोर मोठं मैदान सोडलं, मैदान-ए-शाह. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला तीन कमानींचा तीन दरवाजा, तिथून पुढे जामा मशीद आणि माणेक चौक, म्हणजे राजाची स्वारी, लष्कराची कवायत आणि बाजार सगळं याच पट्ट्यात. १६३८ मध्ये तिथे आलेल्या मँडेल्स्लो नावाच्या जर्मन प्रवाशाने हे मैदान १,६०० फूट लांब आणि त्याच्या निम्मं रुंद असल्याचं लिहून ठेवलंय, भोवती ताडाच्या आणि खजुराच्या रांगा आणि मधेमधे लिंबू-संत्र्याची झाडं. म्हणजे जागा मोकळी होती पण उघडीबोडकी नव्हती, हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

नंतर ते मैदान भरत गेलं, बांधकामं आली, मधून रस्ता गेला, आणि शेवटी शेवटी तर भद्र ते तीन दरवाजा हा रिक्षा, स्कूटर, हातगाड्या यांचा एक लांबच लांब जॅम झाला होता. महापालिका आणि पुरातत्त्व खातं यांनी मिळून तो पट्टा गाड्यांना बंद केला, दगडी फरशी केली, बसायला जागा केल्या आणि २०१४ मध्ये लोकांना खुला केला. आज तीन दरवाजाच्या कमानीत उभं राहिलं की समोर थेट किल्ल्याचा बुरूज आणि त्यावरचं १८७८ मध्ये बसवलेलं घड्याळ दिसतं. हे काम झालं ते चांगलंच झालं, यात मला शंका नाही.

फसलं ते फेरीवाल्यांच्या बाबतीत. नकाशा बघितला तर कारण लगेच कळतं. किल्ल्याच्या एका अंगाला लाल दरवाजाचं शहर बसचं मोठं स्टँड आहे आणि दुसऱ्या टोकाला ढालगरवाडचा कापडबाजार आणि माणेक चौक. बसमधून उतरलेला माणूस चालत बाजाराकडे जाणार तो याच पट्ट्यातून, आणि म्हणूनच विक्रेते पिढ्यानपिढ्या तिथे बसत आलेत. आता गाड्या काढल्या की चालणाऱ्याला थांबायची भीती राहत नाही, तो थांबला की विक्रेता येतोच, पाणी उताराकडे जातं तितकं हे साधं आहे. पण पालिका मात्र दरवेळी आश्चर्य वाटल्यासारखं करते, मग पट्टे आखायचे, मग पट्ट्याबाहेर बसलेल्यांना उचलायचं, ते आठवड्याने परत. भद्रचं प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. आणि हे कुठल्या शहरात, तर जिथे इलाबेन भट्ट यांनी १९७२ मध्ये 'सेवा' ही कष्टकरी बायकांची संघटना उभी केली आणि जिची माणसं माणेक चौकातल्या भाजीवाल्यांसाठी १९८० च्या दशकात सुप्रीम कोर्टात गेली होती. म्हणजे प्रश्न आधीपासून माहीत होता!

तुमच्या हरकतीतला पहिला मुद्दा म्हणूनच हा असू दे. पथविक्रेता कायदा २०१४ चा आहे आणि तो सांगतो की आधी सर्वेक्षण करा, नगर पथविक्रेता समिती नेमा, त्यात निदान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच असू देत आणि त्यातल्या एक तृतीयांश बायका. सर्वेक्षण होऊन सर्टिफिकेट मिळेपर्यंत कुणाला उठवता येत नाही, आणि कुणाला हलवायचं झालं तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. सर्वे झालाय का, समितीची बैठक कधी झाली, त्यात या चौकाचं डिझाइन मांडलं का, हे सरळ माहिती अधिकारात विचारा. भाजीवाल्या चौकात राहणार असतील तर त्यांची जागा नकाशात दाखवलेली पाहिजे, पाण्याचा नळ, कचऱ्याची जागा आणि सावली धरून. नकाशात नाहीत म्हणजे त्या जाणार आहेत असं नाही, त्या तिथेच राहणार आणि रोज दंड भरणार.

दिल्लीचा चांदनी चौक (आपला पुण्याचा चांदणी चौक वेगळा, तिथे पायी चालायची हिंमत करू नका) दुसरी गोष्ट शिकवतो. शाहजहानची मुलगी जहानआरा हिने आखलेला सतराव्या शतकातला बाजार, मधून कालवा, आणि चौकातल्या हौदात चंद्र दिसायचा म्हणून ते नाव. लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद हा साधारण सव्वा किलोमीटरचा रस्ता लाल ग्रॅनाइटने नव्याने केला, सप्टेंबर २०२१ मध्ये उद्घाटन झालं, आणि सकाळी ९ ते रात्री ९ मोटारगाड्यांना बंदी. सायकलरिक्षा चालतात. इथली कल्पना मला आवडते, कारण चोवीस तास बंद करायचा हट्ट धरलेला नाही, दुकानांचा माल रात्री येतो. पण पहिल्या उत्साहानंतर तुटलेले बोलार्ड (गाड्या अडवायला रोवलेले आखूड खांब), आत शिरणाऱ्या बाइक्स, फुटपाथवर पुन्हा अतिक्रमण अशा बातम्या यायला लागल्या, कारण रस्ता बांधणारी एजन्सी वेगळी, साफसफाई दुसऱ्याकडे, बंदी पाळून घेणारे ट्रॅफिक पोलीस तिसरेच. उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चौकाचा मालक कोण हे ठरलेलं नसेल तर कितीही महाग दगड लावा.

बोलार्डबद्दल थोडं विस्ताराने सांगते कारण सगळे यातच अडकतात. व्हीलचेअर जायला दोन खांबांमध्ये निदान ९० सेंटीमीटर लागतात, सुटसुटीत हवं तर १२० ठेवतात. टू-व्हीलरचं हँडल त्याहून अरुंद असतं. म्हणजे जिथून व्हीलचेअर जाते तिथून ॲक्टिव्हा जाणारच, खांब कितीही लावा. मग कुणीतरी हुशार माणूस आडवी-तिडवी पाइपची गेट बसवतो आणि म्हातारी माणसं, बाबागाडी, व्हीलचेअर सगळ्यांचीच पंचाईत करतो. उपाय म्हणाल तर माणूस, म्हणजे पहिले काही महिने तोंडावर उभा राहणारा वॉर्डन. शिवाय टू-व्हीलर लावायला चौकाच्या शंभर-दीडशे मीटरच्या आत दुसरी जागा हवी, नाहीतर लोक आत आणणारच, मीसुद्धा आणीन. आणि जे खांब काढता येतात त्यांच्या किल्ल्या कुणाकडे, हा प्रश्न मीटिंगमध्ये जरूर विचारा, फायर ब्रिगेडच्या गाडीला ६ मीटरची मोकळी वाट लागते आणि आग लागल्यावर किल्ली शोधत बसायला वेळ नसतो.

सगळ्या बाजू बंद कराव्या लागतात असंही नाही. लंडनच्या ट्रॅफलगर स्क्वेअरमध्ये चारी बाजूंनी वाहतूक फिरायची, त्यातली फक्त उत्तरेची, नॅशनल गॅलरीसमोरची बाजू २००३ मध्ये बंद केली आणि तिथून मधोमध रुंद पायऱ्या खाली उतरवल्या. बाकी तीन बाजूंनी बसगाड्या अजून जातात. त्याआधी तिथे लोक कसे चालतात याची नीट पाहणी झाली होती आणि त्यात दिसलं की लंडनकर चौकाच्या कडेकडेने वळसा घालून जातात, मधून कुणी जातच नाही. त्या एका निरीक्षणातून पायऱ्या आल्या. तुमच्याकडे वाड्याच्या दरवाज्याची एकच बाजू जोडून घेतली तरी कदाचित पुरेसं होईल, आणि एसटीचा, शाळेच्या बसचा रस्ता चालू ठेवता येईल.

असली पाहणी करायला फार मोठा कन्सल्टंट लागत नाही. कॉलेजची पोरं, पेन, चौकाचा मोठा प्रिंट. एक कामाचा वार, एक बाजाराचा वार, एक रविवार, दर तासाला दहा मिनिटं मोजायचं की किती जण गेले, कोणत्या वाटेने, आणि किती जण थांबलेत, कुठे, बसून की उभे, बायका किती. थांबलेल्यांचा नकाशा महत्त्वाचा. एका गावात आम्ही हे करत होतो तेव्हा दुपारी दीड-दोनला भलामोठा चौक ओस आणि सगळे ठिपके एका जागी, पिंपळाच्या पाराभोवती आणि शेजारच्या चहाच्या टपरीपाशी. बँकेत आलेली म्हातारी माणसं, शाळेला पोरांना न्यायला आलेल्या आया, रिक्षावाले. सूर्य सरकला तसे तासाभराने ठिपके पाराच्या पलीकडच्या बाजूला सरकले. आणि ड्रॉइंगमध्ये तो पार 'काढणे' म्हणून लाल रेघ मारलेला होता, कारण तो सिमेट्रीत बसत नव्हता. तो वाचला, कारण नकाशावरचे ठिपके नगराध्यक्षांना दाखवता आले, नुसतं भाषण दिलं असतं तर वाचला नसता.

सावलीचं म्हणूनच मी भांडून घेते. मार्च ते मे तापलेल्या ग्रॅनाइटवर अनवाणी सोडा, चपलेतूनही चटका बसतो, मग चौक फक्त संध्याकाळी सहानंतरचा राहतो आणि दिवसभर ती जागा गाड्यांना आमंत्रण देत बसते. प्लाझाच्या चित्रात पाम लावलेले असतील तर ते खोडून वड, पिंपळ, कडुनिंब, करंज असं काहीतरी मागा, जे आहेत ते ठेवाच, आणि बुंध्याभोवती निदान १ मीटर माती उघडी ठेवायला सांगा. दिल्लीतल्या झाडांबाबत हरित लवादाने २०१३ मध्ये तसा आदेशच दिला होता. बसायची जागा कडेला आणि सावलीत हवी, ४५ सेंटीमीटरच्या आसपास उंचीची, मधोमध उन्हात ठेवलेले डिझायनर बाक म्हणजे कबुतरांची सोय.

आता फरशीच्या खालचं. हा भाग कंटाळवाणा आहे आणि पैसे इथेच वाया जातात. ड्रेनेज, पाणी, वीज, केबल यांच्या लाइनी आधी बदलून, पुढे लागणाऱ्या केबलसाठी रिकामे पाइप टाकून, चेंबर करून मगच दगड बसवायचा. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यानंतर पाण्याच्या लाइनसाठी चौक फुटतो आणि उखडलेल्या दगडाच्या जागी डांबराचं ठिगळ येतं, तो दगड परत मिळतच नाही, म्हणून टेंडरमध्येच थोडा जादा दगड स्टोअरला जमा करून घ्यायचा. जुन्या चौकात खोदण्याआधी छोटे खड्डे घेऊन बघायचं, खाली काय निघेल सांगता येत नाही. मुंबईत हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटनच्या कामाच्या वेळी खाली ट्रामचे रूळ निघाले, १९६४ मध्ये ट्राम बंद झाल्यावर डांबराखाली तसेच राहिले होते ते.

त्यात डांबराचा थर ही आपली खास अडचण. दरवेळी जुन्यावर नवीन थर, की चाळीस वर्षांत रस्ता फूटभर वर आणि वाड्याची, देवळाची जोती तेवढीच खाली. तुम्ही वाड्याच्या दरवाज्यात बघा, पायऱ्या मूळच्या किती आणि आज दिसतात किती. पावसाचं पाणी आत येतं ते यामुळे. प्लाझा म्हणजे परत ६-८ इंच भर घालणार असतील तर ठाम विरोध करा, आधी जुने थर खरवडून मूळ लेव्हल शोधायला लावा. उतार साधारण शंभराला एक तरी हवा, आणि तो वाड्यापासून लांब. दगड पॉलिश नको, श्रावणात माणसं घसरून पडतात. स्थानिक काळा बेसाल्ट खरखरीत घडवून मिळत असेल तर तोच घ्या, जिथे गाडी जाणार तिथे जाड, ७५ मिलिमीटरच्या वर, बाकी ठिकाणी ४०-५० पुरतो.

आणि गणपती! एकाही ड्रॉइंगमध्ये मला मांडव दिसलेला नाही. चौकात मांडव पडणार, दहीहंडी होणार, सभा होणार, मिरवणूक थांबणार, कारण चौक त्यासाठीच आहे. मग मांडववाला पहार घेतो आणि तुमच्या नव्या दगडात भोकं पाडतो. त्यापेक्षा फरशी बसवतानाच ठरावीक अंतरावर झाकण असलेल्या लोखंडी नळ्या पुरून ठेवा, खांब त्यात उभा राहतो, उत्सव झाला की झाकण बंद. अंतर किती ठेवायचं ते आर्किटेक्टला नका विचारू, गावातल्या मांडववाल्याला विचारा, त्याच्या वाशांची लांबी ठरलेली असते. तिथेच विजेचा एक कुलूपबंद पॉइंट द्या म्हणजे आकडे टाकायला नकोत. खर्च नगण्य आहे.

दर्शनी भागाला एकसारखा मेकअप करायचा मोह हाही ओळखून ठेवा. अमृतसरमध्ये टाउन हॉल ते सुवर्णमंदिर हा रस्ता २०१६ मध्ये पायी चालण्यासाठी केला, चालायला तो खरंच उत्तम आहे, पण सगळ्या इमारतींवर एकाच छापाच्या जाळ्या-कमानी चिकटवल्या, आणि तिथे उभे केलेले लोकनर्तकांचे पुतळे वादानंतर २०२० मध्ये हलवावे लागले. तुमची ती नवीकोरी कमान याच जातीतली. ज्या चौकात अस्सल दरवाजा उभा आहे तिथे नकली कमान कशाला? भद्रला तीन दरवाजावर १८१२ चा एक देवनागरी शिलालेख आहे, मराठ्यांचा सुभेदार चिमणाजी रघुनाथ याने कोरून घेतलेला, की मुलीला बापाच्या मिळकतीत हिस्सा द्या, मोडेल त्या हिंदूला महादेवाला आणि मुसलमानाला अल्ला-रसूलला जाब द्यावा लागेल. त्याच दरवाज्यात एका कोनाड्यात दिवा जळतो, लक्ष्मीने शहर सोडू नये म्हणून स्वतःचं शिर देणाऱ्या कोतवालाची दंतकथा आहे, आणि तो दिवा एक मुस्लिम कुटुंब सांभाळत आलंय. गर्दीत मान वर करून कोण बघतं? कमानीच्या पैशात असल्या गोष्टी स्वच्छ करून, नीट प्रकाश टाकून, मराठीत चार ओळींची पाटी लावून दाखवता येतात. तुमच्या वाड्यालाही काहीतरी असेलच. वाडा केंद्राचा संरक्षित असेल तर १०० मीटरच्या आत नवीन बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरला परवानगी लागते, तेव्हा ती कमान मंजूर कशी झाली हेही विचारून घ्या.

कारंज्याबद्दल माझं मत वाईट आहे. पंप बिघडतो, वर्षाच्या करारानंतर कुणी येत नाही, आणि पाणी साठलं की डेंग्यूचे डास. शिवाय जागा खातं. ट्रॅफलगर स्क्वेअरमध्ये १८४५ मध्ये कारंजी बसवली तेव्हा जमाव जमायला जागा कमी उरावी हाही एक हेतू होता, तुमच्याकडे हेतू नसताना तेच होईल. त्या पैशात बायकांसाठी, पाणी असलेलं, उघडं राहणारं स्वच्छतागृह करा, बाजाराच्या दिवशी येणाऱ्या बायका किती वेळ थांबतात ते त्यावर ठरतं. हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचा झगझगीत दिवा, तोही नको, डोळ्यात जातो आणि झाडाखाली अंधार ठेवतो, कमी उंचीचे, पिवळसर उजेडाचे दिवे कडेकडेने पुरे.

दुकानदार विरोध करतील, धंदा बसेल म्हणून. ते सगळीकडे करतात, कोपनहेगनमध्ये १९६२ साली स्ट्रॉयेट रस्ता बंद केला तेव्हाही केला होता. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा ट्रायल मागा. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये २००९ मध्ये आधी नुसते ड्रम लावून रस्ता अडवला, स्वस्तातल्या घडीच्या खुर्च्या टाकल्या, लोक येऊन बसले, आणि पक्कं बांधकाम नंतर कित्येक वर्षांनी पूर्ण झालं. पुण्यात लक्ष्मी रोड ११ डिसेंबरला एक दिवस गाड्यांना बंद ठेवतात, पण एक दिवस म्हणजे जत्रा होते, त्यावरून धंद्याचं काही कळत नाही. निदान महिनाभर करा, बॅरिकेड, कुंड्या, रंगाचे पट्टे, रिक्षा स्टँड खरंच नव्या जागी हलवून, दिवाळीचा हंगाम सोडून. रिक्षा कुठे वळतात, माल कुठे उतरतो, पोरं कुठे खेळतात हे त्या महिन्यात दिसेल आणि ड्रॉइंग त्यानंतर बदलता येईल, टेंडर निघाल्यावर कुणी बदलत नाही.

तर पत्रात हे लिहा: फेरीवाल्यांचा सर्वे आणि त्यांच्या जागा नकाशात, पार्किंगची पर्यायी जागा, चौकाचा काटछेद (उभा कापून दाखवलेलं ड्रॉइंग) आणि त्यावर प्रत्येक जुन्या इमारतीच्या जोत्याची लेव्हल, आहेत त्या झाडांची यादी, देखभालीचं बजेट कोणत्या हेडखाली, आणि ट्रायलची तारीख. पत्राची पोच घ्या, आणि तोंडी सुनावणी मागितल्याचं त्यातच लिहा. सुनावणीला जाताना दोन भाजीवाल्या, एक रिक्षावाला आणि मांडववाला यांना घेऊन जा.